सुनेचें ताट आणि नातवाचा मधुमेह

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत एक तरी पान असें असतें कीं, ज्यावर भात मोजून वाढला जातो आणि श्रीखंडाची वाटी वगळली जाते. तें पान बहुधा आजोबांचें असतें. अलीकडे तें चाळिशी न गांठलेल्या थोरल्या चिरंजीवांचेंही असूं लागलें आहे. मधुमेहाच्या पथ्याची माहिती आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आतां कोणाला नवी राहिलेली नाहीं. चहांतली साखर सोडावी, सकाळीं फिरावयास जावें, तीन महिन्यांनीं रक्त तपासून घ्यावें, हें घरांतील लहान मुलेंही सांगतील. परंतु ह्या रोगाचें मूळ कोठें आहे, असा प्रश्न केला, म्हणजे उत्तरें दोनच मिळतात. एक, 'तो आमच्या घराण्यांतच आहे'. दुसरें, 'जिभेला लगाम नाहीं'. पहिल्या उत्तरानें दोष पूर्वजांच्या माथीं बसतो, दुसऱ्यानें रोग्याच्या.

हीं दोन्ही उत्तरें खोटीं आहेत असें नाहीं. पण गेल्या चाळीस वर्षांत वैद्यक-संशोधनानें त्यांच्या जोडीला तिसरें एक उत्तर आणून ठेवलें आहे, आणि त्याचा बराच मोठा भाग आपल्या पुण्यामुंबईंतच उजेडांत आलेला आहे. तें उत्तर असें कीं, प्रौढ वयांत दिसणाऱ्या मधुमेहाचा पाया पुष्कळ वेळां मनुष्य आईच्या पोटांत असतांनाच घातला जातो. आणि म्हणून नातवाच्या मधुमेहाचा विचार करावयाचा, तर तो आज घरांत असलेल्या सुनेच्या ताटापासून करावयास पाहिजे. हा विषय डॉक्टरांच्या दवाखान्याइतकाच आपल्या स्वयंपाकघराचा आहे. यास्तव तो आम्ही वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

कृश देहांतील मेद

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील हिशेबाप्रमाणें २०२१ सालीं आपल्या देशांत १० कोटि १० लक्ष मधुमेही होते, म्हणजे प्रौढांपैकीं शेंकडा ११.४, आणि आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. एवढे आकडे ऐकल्यावर सहजच असें वाटतें कीं, लोक खाऊन खाऊन स्थूल झाले, त्याचें हें फळ. स्थूलपणा हें एक कारण आहेच. परंतु युरोपांतील मधुमेह्याच्या मानानें आपल्याकडील मधुमेही वयानें तरुण आणि अंगानें सडपातळ असतो, ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानांत पुष्कळ दिवसांपासून आलेली होती. वजनाच्या कांट्यावर ज्याचा दोष दिसत नाहीं, त्याच्या रक्तांत साखर कां वाढावी, हें एक कोडेंच होतें.

ह्या कोड्याचें बोलकें चित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन हे दोन शास्त्रज्ञ त्यांत शेजारीं शेजारीं दिसतात. उंचीच्या मानानें वजन किती, हें सांगणारा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही नेमका २२.३; म्हणजे कोणीही स्थूल नाहीं. परंतु यंत्रानें शरीरांतील मेद मोजला, तेव्हां युडकिन ह्यांच्या अंगांत तो शेंकडा ९.१ निघाला आणि याज्ञिक ह्यांच्या अंगांत शेंकडा २१.२! कांट्यानें दोघांना सारखें ठरविलें, पण एकाच्या वजनांत स्नायु अधिक व दुसऱ्याच्या वजनांत मेद अधिक, हा भेद कांट्याला सांगतां आला नाहीं. पोटाभोंवतीं सांचलेला मेद इन्सुलिनच्या कार्यांत अडथळा आणतो आणि रक्तांतील साखर पेशींत शिरेनाशी होते. सडपातळ माणसाला मधुमेह होण्याचें एक कारण हें असें आहे. मग प्रश्न असा उरतो कीं, ही शरीराची घडण केव्हांची? पन्नाशींतली, तरुणपणची, कीं त्याहूनही आधींची?

हर्टफर्डशायरच्या नोंदवह्या

ह्या प्रश्नाचा धागा हातीं लागला तो इंग्लंडांत. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर (१९३८–२०१३) हे रोगांचा प्रसार कोठें, किती व कां होतो, ह्याचा अभ्यास करीत असत. १९८६ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, इंग्लंड व वेल्समधील ज्या भागांत १९२१ ते १९२५ ह्या काळांत तान्हीं मुलें अधिक दगावत, त्याच भागांत सुमारें पन्नास वर्षांनंतर हृद्रोगानें अधिक माणसें मरत होतीं. हृद्रोग म्हणजे सुखवस्तु लोकांचा रोग, अशी समजूत सर्वत्र असतांना गरिबीनें गांजलेल्या भागांत तो अधिक कां असावा? लहानपणीं ज्यांचें पोषण नीट झालें नाहीं, पण जे जगले, त्यांच्या शरीरांत कांहीं उणीव कायमची राहून गेली असावी, असा तर्क बार्कर ह्यांनीं केला.

तर्काला पुरावा पाहिजे, आणि तो पुरावा जुन्या नोंदवह्यांत निघाला. हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ सालापासून एथेल मार्गरेट बर्नसाइड ह्या मुख्य परिचारिकेच्या देखरेखीखालीं सुइणी व परिचारिका घरोघर जात आणि प्रत्येक बाळाचें जन्मतांचें वजन, त्याला अंगावरचें दूध मिळतें कीं बाटलीचें, व वर्षाचें झाल्यावर त्याचें वजन किती भरलें, हें टिपून ठेवीत. त्यांच्या मनांत कोणतेंही शास्त्र उभारावयाचें नव्हतें. मुलें जगावीं एवढाच हेतु होता. बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या नोंदींवरून १९११ ते १९३० ह्या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, जन्मतांना व वर्षाचे असतांना ज्यांचें वजन सर्वांत कमी होतें, त्यांच्यांत हृद्रोगानें मरण्याचें प्रमाण सर्वांत अधिक होतें. पुढें १९९१ सालीं, त्याच परगण्यांतील साठी उलटलेल्या पुरुषांचें रक्त तपासल्यावर मधुमेहाच्या बाबतींतही तेंच दिसून आलें.

येथें चिकित्सक वाचक असा आक्षेप घेईल कीं, जो गरीब घरांत हलका जन्मला तो पुढेंही गरीबच राहिला असेल. मग रोगाचें कारण पोटांतली उपासमार कशावरून? ह्या आक्षेपाचें उत्तर एका दुर्दैवी घटनेनें दिलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. ॲम्स्टरडॅम शहरांत माणशीं मिळणारा शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खालीं गेला. गरीब आणि श्रीमंत दोघांवरही हा प्रसंग आला. आणि १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त झाल्यावर अन्न पुन्हां मिळूं लागलें. म्हणजे कित्येक बालकें अशीं निघालीं कीं, त्यांनीं उपासमार सोसली ती केवळ आईच्या उदरांत. पन्नाशीच्या सुमारास त्यांची तपासणी झाली, तेव्हां साखर पचविण्याची शक्ति त्यांच्यांत इतरांपेक्षां कमी आढळली. हा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला.

पुण्याजवळचीं सहा खेडीं

आपल्या देशांत बाळें युरोपांतल्या बाळांपेक्षां किती तरी हलकीं जन्मतात, आणि मधुमेहही आपल्याकडेच फोंफावत आहे. तेव्हां हा विषय भारतांत तपासून पाहणें अगत्याचें होतें. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांशीं हातमिळवणी करून १९९३ सालीं पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांवरील सहा खेड्यांत एक दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. त्याची विशेषता ही कीं, त्यांत स्त्री गरोदर राहिल्यावर नव्हे, तर त्यापूर्वींच तिचें वजन, उंची व इतर मापें घेण्यास सुरुवात झाली. नंतर गरोदरपणांत ती काय खाते, किती कष्ट करते आणि तिच्या रक्तांत काय आहे, हें दोन वेळां तपासलें गेलें. आणि बाळ जन्मल्यावर त्याचींही बारकाईनें मापें घेण्यांत आलीं.

ह्या शेतकरी स्त्रियांची सरासरी उंची सुमारें १५२ सेंटिमीटर आणि गरोदर होण्यापूर्वींचें वजन ४२ किलोग्रॅमच्या आसपास होतें. पूर्ण दिवसांच्या त्यांच्या बाळांचें वजन सरासरी २.७ किलोग्रॅम भरलें. साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलोग्रॅम. एवढा फरक अपेक्षितच होता. आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. पुण्याकडील बाळाचा दंड बारीक होता, पोटाचा घेर लहान होता, म्हणजे स्नायु आणि यकृतासारखीं पोटांतलीं इंद्रियें कमी वाढलेलीं होतीं. परंतु पाठीवरची कातडी चिमटींत धरून मोजली, तेव्हां तिच्या खालच्या मेदाचा थर इंग्रज बाळाच्या जवळपास येत होता. ह्याचा अर्थ असा कीं, बाळ कृश खरें, पण त्या कृश देहांतही मेद राखून ठेवलेला होता! २००३ सालीं ह्या निष्कर्षानें 'कृश तरी मेदयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना जगापुढें आली. लॅन्सेटमधील त्या चित्रांत जें दिसलें, त्याची सुरुवात पाळण्यांतच झालेली असते, असें ह्यावरून म्हणतां येतें.

हें कसें घडतें? आईकडून येणारें पोषण अपुरें पडलें, म्हणजे गर्भ काटकसर करूं लागतो. घरांत धान्य कमी असलें कीं गृहिणी आधीं कोणाचें पान वाढावयाचें हें ठरविते. त्याप्रमाणेंच गर्भाचें शरीर मेंदूची गरज प्रथम भागवितें. स्नायु, यकृत, मूत्रपिंड आणि इन्सुलिन निर्माण करणारें स्वादुपिंड ह्यांच्या वांट्याला मागाहून उरेल तेवढें येतें. अशा काटकसरीच्या शरीराला पुढें जन्मभर काटकसरच करावी लागली, तर तें कदाचित् निभावून नेईल. पण त्याला शहर, खुर्ची, गाडी आणि भरपूर तळलेलें-गोड मिळालें कीं, लहान स्वादुपिंडावर मोठा भार पडतो व तें थकून जातें. पुण्यांतल्याच आठ वर्षांच्या मुलांच्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, जीं मुलें जन्मतांना हलकीं होतीं आणि आठव्या वर्षीं भारदस्त झालीं होतीं, त्यांच्यांतच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक होती.

त्या सहा खेड्यांतील बालकें पुढें वाढलीं, आणि संशोधकांनीं त्यांची सोबत सोडली नाहीं. अठराव्या वर्षीं त्यांची पुन्हां तपासणी झाली. तींतले जवळजवळ निम्मे, शेंकडा ४८, उंचीच्या मानानें अजूनही कमी वजनाचे होते. असें असूनही मुलग्यांपैकीं शेंकडा ३७ आणि मुलींपैकीं शेंकडा १८ ह्यांच्या रक्तांतील साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर गेली होती. त्यांतील बहुतेक अद्याप मधुमेहाच्या आधींच्या पायरीवर होते. अठरा वर्षांचा किडकिडीत मुलगा आणि त्याच्या रक्तांत वाढती साखर! येथें केवळ जिभेला दोष देऊन कसें चालेल?

पोटभर जेवण आणि पुरेसें पोषण

आतां सुनेच्या ताटाकडे वळूं. ह्या गरोदर स्त्रियांचा आहार दिवसाला सुमारें १,७०० उष्मांकांचा होता, म्हणजे कमीच होता. पण संशोधकांनीं हिशेब मांडला, तेव्हां बाळाच्या वाढीचा संबंध उष्मांकांशीं किंवा प्रथिनांशीं ठळकपणें जुळेना. तो जुळला पालेभाजी, फळें आणि दूध ह्यांच्याशीं. ज्या स्त्रियांच्या जेवणांत ह्या वस्तु वारंवार येत, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं. उलटपक्षीं, शेतांतलें व घरांतलें जड काम गरोदरपणीं ज्यांच्या वांट्याला अधिक आलें, त्यांचीं बाळें लहान होतीं. भाकरीनें पोट भरतें. पण नवा जीव घडविण्यास जीं सूक्ष्म द्रव्यें लागतात, तीं नुसत्या भाकरींत पुरेशीं नसतात.

ह्यांपैकीं एका द्रव्याच्या शोधाचा इतिहास मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं लूसी विल्स (१८८८–१९६४) ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरणींतल्या कामकरी स्त्रियांना गरोदरपणीं एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचें कारण परळच्या हाफकिन संस्थेंत राहून तिनें शोधलें. यीस्टचा अर्क दिल्यानें तो रोग बरा होतो, असें तिनें १९३१ सालीं दाखविलें. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलेट. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिन भाषेंतील 'पान' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याला हें नांव मिळालें. पालेभाजीचें महत्त्व आपल्या आजीबाई जाणत होत्या. त्याला शास्त्राचा आधार असा मिळाला.

परंतु फोलेट एकटें काम करीत नाहीं. त्याला ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची जोड लागते. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघी जावांचे हात असावेत, तसें हें आहे. एकीनें हात काढला कीं दुसरीलाही दळतां येत नाहीं. पेशींची वाढ आणि पेशींतील आनुवंशिक सूत्रांची जडणघडण ह्या दोहोंच्या सहकार्यानें चालते. १९४८ सालीं शुद्ध रूपांत हातीं आलेलें हें ब-१२ फक्त सूक्ष्म जंतु तयार करतात. गाईम्हशींच्या पोटांतील जंतूंमुळें तें दुधांत उतरतें. मांस, मासे व अंडीं ह्यांतही तें असतें. परंतु धान्य, डाळी, फळें किंवा पालेभाज्या ह्यांपैकीं कशांतही तें भरंवशानें मिळत नाहीं.

त्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचें रक्त तपासलें, तेव्हां फोलेटची उणीव एकीच्याच ठायीं निघाली. पण ब-१२ ची उणीव दोन-तृतीयांश स्त्रियांत होती. त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर असें आढळलें कीं, ज्या मातांच्या रक्तांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होतें, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत जास्त होती. हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ह्यावरून कोणी गरोदरपणींची फॉलिक ॲसिडची गोळी बंद करूं नये. बाळाच्या पाठीच्या कण्याचें व मेंदूचें व्यंग टाळण्यास ती गोळी उपयोगी पडते, हें १९९१ सालीं सिद्ध झालें आहे. बोध एवढाच कीं, फोलेटकडे पाहतांना ब-१२ कडे पाठ फिरवूं नये.

'हें खेड्यांतल्या शेतकऱ्यांचें झालें. आमच्या घरांत दूधदुभत्याला काय तोटा?' असें आमच्या कित्येक भगिनींच्या मनांत येईल. त्यांनीं पुण्याचाच आणखी एक अभ्यास ध्यानांत घ्यावा. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासांत खेड्यांतील, झोपडपट्टींतील आणि शहरांतील मध्यम वर्गांतील पुरुषांचें रक्त तपासलें होतें. ब-१२ ची उणीव एकंदरींत शेंकडा ६७ जणांत होती. आणि शहरी मध्यम वर्गांत ती सर्वांत अधिक, म्हणजे शेंकडा ८१ जणांत होती! शाकाहारी लोकांना हा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक होता. चहापुरतें दूध आणि पाण्यासारखें ताक ह्यांवर ज्या शाकाहारी घराची भिस्त आहे, तें घर सुखवस्तु असूनही ह्या एका द्रव्याच्या बाबतींत दरिद्री असूं शकतें.

उशीर कोठें होतो?

मग गरोदर सुनेला दूध, फळें व भाज्या देऊं लागलें म्हणजे झालें काय? ह्या प्रश्नाचा कस मुंबईंतील एका मोठ्या प्रयोगांत लागला. तेथील गरीब वस्त्यांतील ६,५१३ स्त्रियांना २००६ पासून गरोदर होण्यापूर्वींच रोज एक खाऊ दिला जात असे. निम्म्यांच्या खाऊंत पालेभाज्या, फळें व दूध होतें. उरलेल्यांच्या खाऊंत बटाटा-कांद्यासारख्या वस्तु होत्या. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल प्रांजळपणें सांगावयाचा तर असा: सर्वांची सरासरी काढली, तेव्हां बाळांच्या वजनांत निश्चित म्हणतां येईल असा फरक पडला नाहीं. परंतु ज्यांनीं गर्भधारणेपूर्वीं निदान नव्वद दिवस तो खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचें वजन सरासरीनें ४८ ग्रॅम अधिक भरलें. अगदीं कृश स्त्रियांना हा लाभ दिसला नाहीं. ज्यांच्या अंगावर थोडें मांस होतें, त्यांना तो अधिक झाला. आणि गरोदरपणीं होणाऱ्या मधुमेहाचें प्रमाण शेंकडा १२.४ वरून ७.३ वर आलें, ही गोष्ट तर फारच मोलाची होय.

ह्यांतून निघणारा बोध स्पष्ट आहे. आपल्याकडे गर्भिणीचे लाड करण्याची सुंदर रूढि आहे. डोहाळे पुरवावयाचे, सातव्या महिन्यांत डोहाळजेवण करावयाचें, आवडीचे पदार्थ आणावयाचे. परंतु बाळाच्या हृदयाची, मेंदूची आणि स्वादुपिंडाची मांडणी पहिल्या कांहीं आठवड्यांतच होते. कित्येकदां दिवस गेल्याचें सासूबाईंच्या कानांवर येण्यापूर्वींच! डोहाळजेवणाच्या पंचपक्वान्नांनीं तो वेळ परत आणतां येत नाहीं. जी मुलगी वर्षानुवर्षें कृश राहिली, तिची उणीव नऊ महिन्यांच्या एका खाऊनें भरून निघत नाहीं. म्हणजे काळजी लग्नाच्या आधींपासून, माहेरींच सुरू झाली पाहिजे. दूध भावाच्या पेल्यांत आणि बहिणीच्या पेल्यांत सारखेंच ओतलें जातें कीं नाहीं, हा प्रश्न न्यायाचा तर आहेच; पण तो पुढच्या पिढीच्या आरोग्याचाही आहे.

घरानें काय करावें?

एकत्र कुटुंबाची व्यवस्था हातीं असणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढें आम्ही कांहीं साध्या गोष्टी ठेवतों. पहिली, पंगतीची. अजूनही कित्येक घरांत सर्वांना वाढून झाल्यावर सून बसते, आणि तोंपर्यंत पातेल्यांत भाजीचा रस तेवढा उरलेला असतो. भात-पोळी तिला पुरते. संपतें तें नेमकें पालेभाजी, उसळ, दही आणि फळ. तिनें सर्वांबरोबर बसावें. तें जमत नसेल तर तिच्या वांट्याचें आधीं काढून ठेवावें. ह्यांत पैसा लागत नाहीं, केवळ लक्ष लागतें.

दुसरी, पालेभाजीची. मेथी, चाकवत, शेपू, माठ, अंबाडी, पालक ह्यांपैकीं एक तरी रोज असावी. फोलेट पाण्यांत विरघळतें आणि फार उकळल्यानें नाश पावतें. म्हणून भाजी उकडून पाणी फेंकून देण्याची पद्धत सोडावी.

तिसरी, दुधाची. दुधाच्या एका पेल्यांत सुमारें एक मायक्रोग्रॅम ब-१२ असतें, आणि प्रौढ मनुष्याची दिवसाची गरज सुमारें दोन मायक्रोग्रॅमची आहे. तेव्हां शाकाहारी माणसानें दूध व दही मिळून दोन पेले नेमानें घेतले पाहिजेत. जे अंडीं किंवा मासे खातात त्यांना तीही सोय आहे. ज्यांना दूध सोसत नाहीं त्यांनीं, आणि अपत्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शाकाहारी सुनेनें, डॉक्टरांकडून ब-१२ ची तपासणी करून घ्यावी. उणीव निघाली तर गोळी मिळते आणि ती महाग नसते.

चौथी, उपासांची. श्रद्धा ज्याची त्याची. परंतु साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ अन्न. उपासाच्या दिवशीं दूध, फळें, राजगिरा व दाणे ह्यांना अधिक जागा द्यावी. गर्भिणीनें तर कडक उपास करूंच नये.

पांचवी, बाळाची. नातवंड गुटगुटीत दिसावें ही आजीची हौस स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षांतली वाढ चांगली व्हावीच. सहा महिने केवळ अंगावरचें दूध आणि पुढें घरचें सकस अन्न ह्यांनीं ती होते. परंतु दिल्लींत जन्मलेल्या १,४९२ स्त्रीपुरुषांच्या अभ्यासानें २००४ सालीं असें दाखविलें कीं, तान्हेपणीं बारीक असून दोन वर्षांनंतर जीं मुलें भराभर जाड होत गेलीं, त्यांनाच पुढें ऐन तारुण्यांत साखरेचा विकार अधिक जडला. म्हणून बारीक नातवाला बिस्किटें, चॉकलेटें व तुपासाखरेचे घांस भरवून जाड करण्याचा प्रयत्न करूं नये. त्याला अंगणांत खेळूं द्यावें.

हें वाचून कोणीही मातेला दोष देऊं नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आईच्या पोटांत जें पोंचतें, तें तिला घरानें काय वाढलें, किती राबविलें आणि तिच्या माहेरीं तिला काय मिळालें, ह्यांवर अवलंबून असतें. ही जबाबदारी एकटीची नसून सगळ्या घराची आहे. त्याचप्रमाणें, ज्यांची घडण झाली ती झाली, आतां उपाय नाहीं, अशी निराशाही बाळगूं नये. चेन्नई येथें मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत, ज्यांना केवळ आहार आणि व्यायाम ह्यांचें मार्गदर्शन मिळालें, त्यांच्यांत तीन वर्षांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा २८.५ नीं घटलें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. कमरेचा घेर पुरुषांनीं ९० आणि स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरांच्या आंत ठेवावा; सडपातळ दिसणाऱ्यांनींही शिंप्याची फीत एकदां पोटाभोंवतीं धरून पाहावी.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत आतां तिसरी पिढी पाळण्यांत आली आहे. गर्भांत असतांना ज्यांची पहिली नोंद झाली, त्या मुली स्वतः माता होऊं लागल्या आहेत. त्यांतील मुलामुलींना २०१२ सालापासून, म्हणजे त्या वयांत येत असतांनाच, दररोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग संशोधकांनीं सुरू केला. त्यांची दृष्टि त्या मुलामुलींच्या पोटीं येणाऱ्या अपत्यांवर होती. शास्त्रज्ञ जर न जन्मलेल्या बालकासाठीं इतक्या आधींपासून तजवीज करूं शकतात, तर आपल्याच नातवंडा-पणतवंडांसाठीं तेवढी दूरदृष्टि आपल्या घरांनाही दाखवितां येईल. त्यासाठीं मोठा खर्च नको, नवें यंत्र नको. रोजच्या पंगतींत घरच्या लेकीसुनांच्या ताटांत पालेभाजी, उसळ, दूध-दही आणि एखादें फळ पडतें कीं नाहीं, एवढें वडीलधाऱ्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें, म्हणजे पुरे.